जुन्या मिलिंग मशीनचे सुटे भाग आणि टूल होल्डर : सोलापुरात बसून शोधायचे कसे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र) उतरलं तेव्हा त्याच्याबरोबर एक आर्बर (कटर चढवायचा दांडा), दोन रिंगा आणि गंजलेला एक कटर एवढंच आलं. बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या लिलावातून घेतलं होतं. मशीन धडधाकट होतं, पण होल्डरची, म्हणजे कटर धरून मशीनला जोडणाऱ्या साधनांची, पेटी त्याच लिलावात दुसऱ्या कुणीतरी भंगाराच्या भावाने, वजनावर उचलली होती. पुढचं दीड वर्ष तीच पेटी मी तुकड्यातुकड्याने बाजारातून जमवली. त्या फिरण्यात जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. ज्यांच्याकडे असं जुनं मशीन आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांचा वेळ आणि पैसा वाचावा एवढीच इच्छा आहे.

सुरुवातीला मी दुकानात फोन करून विचारायचो, "अमुक कंपनीच्या मिलिंगचा आर्बर आहे का?" समोरून उत्तर यायचं, "कोणता?" आणि तिथेच बोलणं संपायचं. आमच्याकडे येणारे एक जुने फिटर आहेत, शहराच्या पूर्व भागातले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "मालक, कंपनीचं नाव सांगू नका. स्पिंडलचं माप सांगा." स्पिंडल म्हणजे होल्डर धरून फिरणारा मशीनचा मुख्य दांडा. या एका वाक्याने माझं काम बदललं. मशीन कुणीही बनवलेलं असो, त्यातले बरेचसे भाग प्रमाणित मापाचे असतात. बेअरिंग, सील, पट्टा, टेपर (स्पिंडलच्या तोंडाचं निमुळतं भोक), कोलेट (कटरचा दांडा आवळणारी चिरलेली नळी) यांना मशीनच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. दुसऱ्या गटात गिअर, नट, बुश, पट्टी येतात. हे भाग मापावरून इथेच बनवून घेता येतात. खरोखर त्याच कंपनीचा पाहिजे असा तिसरा गट लहान असतो : मोठी कास्टिंग, गिअरबॉक्सचं झाकण, ओव्हरआर्मचा ब्रॅकेट. हातातला भाग कोणत्या गटातला आहे ते आधी ठरवा आणि मगच शोधायला निघा.

पाटी, फोटो आणि नोंद

मशीन धुऊन पुसून रंग मारायच्या आधी त्यावरच्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढा. कंपनीची मुख्य पाटी, मॉडेल, अनुक्रमांक, स्पीड आणि फीडचे तक्ते, मोटरची पाटी, सगळ्यांचे. अनुक्रमांक पुष्कळदा गाईडच्या टोकावर ठोकलेलाही असतो. रंगाऱ्याने एकदा पट्टी फिरवली की हे सगळं गेलं.

आपल्या भागात फिरणारी जुनी मशीन बहुधा ओळखीच्या घराण्यांतली असतात. एचएमटी ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूरला उभी राहिली. तिच्या एफएन मालिकेची मिलिंग मशीन हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यातून देशभर गेली. भारत फ्रिट्झ वर्नर, म्हणजे बीएफडब्ल्यू, ही १९६१ ची, बंगळूरचीच, जर्मन सहकार्यातून निघालेली. हैदराबादची प्रागा, पंजाबात बटाला-लुधियानाकडे बनलेली मशीन, गिरण्यांच्या वर्कशॉपमध्ये आलेली इंग्रजी आणि पूर्व युरोपीय मशीन, आणि नंतर आलेली तैवानी टरेट मिल (डोकं फिरवता येणारं उभं मिलिंग) हीही दिसतात. घराणं कळलं की एक अंदाज बांधता येतो : इंग्रजी-अमेरिकी मशीनमध्ये आटे आणि गिअर इंचात असण्याची शक्यता जास्त, जर्मन वंशाच्या मशीनमध्ये मिलिमीटरमध्ये. पण हा अंदाजच. मधल्या काळात कुणी स्क्रू बदलला, कुणी ड्रॉबार (होल्डर मागून ओढून धरणारा लांब बोल्ट) बदलला, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

स्पिंडलचा टेपर : इथे घाई केली की पैसे बुडतात

होल्डर घ्यायचा म्हणजे स्पिंडलचा टेपर ओळखायचा. बहुतेक जण व्हर्नियरने तोंडाचा व्यास मोजतात आणि दुकानात जातात. फसगत तिथेच होते, कारण वेगवेगळ्या टेपरची तोंडं एकसारखी असतात. आयएसओ आणि मोर्स ही टेपरची दोन प्रमाणित घराणी. ही मापं पाहा :

आयएसओ ३० चं तोंड ३१.७५ मिमी, मोर्स ४ चं ३१.२६७ मिमी.
आयएसओ ४० चं तोंड ४४.४५ मिमी, मोर्स ५ चं ४४.३९९ मिमी.
आयएसओ ५० चं तोंड ६९.८५ मिमी.

चाळीस नंबर (म्हणजे आयएसओ ४०) आणि मोर्स पाच यांच्या तोंडात फरक मिलिमीटरच्या पाच शतांशाचा. झिजलेल्या, कडेला ठोके पडलेल्या स्पिंडलवर हा फरक व्हर्नियर दाखवणार नाही. फरक कोनात आहे. आयएसओचा टेपर ७/२४ चा, म्हणजे २४ मिमी आत गेलं की व्यास ७ मिमीने कमी होतो. मोर्समध्ये साधारण २० मिमी आत गेल्यावर व्यास जेमतेम १ मिमी उतरतो. ७/२४ डोळ्यालाही नरसाळ्यासारखा दिसतो, मोर्स जवळजवळ सरळ भोकासारखा. मोर्स स्वतःच घट्ट पकडतो, त्याला काढायला ठोकावं लागतं. ७/२४ स्वतःहून सुटतो, म्हणून त्याला ड्रॉबारशिवाय गत्यंतर नाही.

नक्की खात्री करायची सोपी रीत सांगतो. लेथवर दोन पातळ चकत्या कातून घ्या, सारख्याच जाडीच्या. चाळीस नंबरचा संशय असेल तर एक बरोबर ४४ मिमीची आणि दुसरी ३७ मिमीची. कडा धारदार ठेवा, चॅम्फर मारू नका. एकेक चकती टेपरमध्ये सरळ बसवून डेप्थ व्हर्नियरने ती तोंडापासून किती आत बसली ते मोजा. दोन मापांतला फरक २४ मिमी आला तर टेपर ७/२४ चाच. तीस नंबरसाठी ३१ आणि २४ मिमीच्या चकत्या घ्या. फरक पुन्हा २४ च यायला हवा. मोर्समध्ये ३७ ची चकती त्या खोलीवर टेकणारच नाही, ती सरळ आत घरंगळेल.

टरेट मिलवर आणखी एक सापळा आहे : आर ८ नावाचा टेपर. याचं तोंडही ३१.७५ च्या आसपास आणि कोन जवळजवळ ७/२४ सारखाच, त्यामुळे तीस नंबर वाटतो. पण आत डोकावलं तर टेपर थोडक्यात संपतो आणि पुढे सुमारे २४ मिमीचं सरळ भोक लागतं, त्यात एक बारीक पिन असते. स्पिंडलच्या तोंडावर दोन चाव्या (होल्डरच्या खाचेत बसणारे ठोकळे) नसतील आणि आत सरळ भोक असेल तर ते आर ८ समजा. त्याचा ड्रॉबार ७/१६ इंची, इंचात २० आट्यांचा असतो.

स्पिंडलच्या नाकाचा बाहेरचा व्यासही साक्षीला घ्या. तीस नंबरला ६९.८३ मिमी, चाळीसला ८८.८८, पन्नासला १२८.५७. तोंडावरच्या चाव्यांची रुंदी तीस-चाळीसला १५.९ मिमी आणि पन्नासला २५.४ मिमी. तीन मापं एकमेकांशी जुळली की मगच नंबर लिहा. फार जुन्या अमेरिकी मशीनवर ब्राऊन अँड शार्प टेपर निघू शकतो, फुटाला अर्धा इंच उताराचा. त्याचे होल्डर बाजारात शोधत बसू नका. चांगल्या टर्नरकडून ब्लँक आर्बर बनवून, ग्राइंडिंग करून त्यावरच कोलेट चक बसवणं स्वस्त पडतं.

ड्रॉबारचे आटे

टेपर बरोबर ओळखला म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. बाहेरगावच्या एका दुकानातून चाळीस नंबरचा शेल आर्बर मागवला. आला, टेपर सुरेख बसला. ड्रॉबार तीन फेऱ्या फिरला आणि अडकला. शेडमधल्या पोराला वाटलं आटे घाण असतील, त्याने पान्याला पाइप लावला. आर्बरचे आटे गेले, ड्रॉबारचंही तोंड गेलं.

कारण असं : चाळीस नंबरच्या होल्डरच्या मागे एकतर एम १६ चे आटे असतात किंवा पाच सुती, म्हणजे ५/८ इंची, इंचात ११ आटे. एम १६ चा बाहेरचा व्यास १६ मिमी, पाच सुतीचा १५.८७५ मिमी. पिच मात्र एकाचा २ मिमी, दुसऱ्याचा २.३०९ मिमी. म्हणून सुरुवातीला दोन-तीन फेऱ्या बसतो आणि मग जाम होतो. तीस नंबरला हीच जोडी एम १२ आणि चार सुती, म्हणजे अर्धा इंच, अशी. पन्नासला एम २४ आणि एक इंच, इंचात ८ आटे. इंग्रजी मशीनमध्ये व्हिटवर्थ आटे निघाले तर अर्ध्या इंचाला इंचात १२ असतात, अमेरिकी यूएनसीला १३. थ्रेड गेज लावूनच बघायचं, नट फिरवून अंदाज करायचा नाही.

यावर माझा उपाय : दोन ड्रॉबार करून ठेवा. एक मेट्रिक, एक इंची. ईएन ८ या प्रतीच्या पोलादाच्या बारमधून कातून घ्या, जमलं तर ईएन १९ किंवा ईएन २४. साध्या माइल्ड स्टीलचे आटे काही महिन्यांत ओढले जातात. डोक्यावर ठळक आकडा ठोकून ठेवा. होल्डर काढताना ड्रॉबार दीड-दोन फेऱ्या सैल करून पितळी हातोडीने एक हलका ठोका पुरतो. आटे पूर्ण सुटायच्या बेतात असताना ठोकलं तर सगळा मार शेवटच्या एका आट्यावर येतो.

होल्डर कोणते घ्यायचे

दुकानदार आणि इंडियामार्टवरचे विक्रेते "आयएसओ ४०" हा शब्द फार सैल वापरतात. त्याच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. डीआयएन २०८० हा हाताने ड्रॉबार आवळायच्या मशीनसाठीचा, पातळ कॉलरचा. तुमच्या जुन्या मशीनचा हाच. बीटी ४० आणि एसके ४० हे आपोआप टूल बदलणाऱ्या सीएनसी मशीनसाठीचे, त्यांच्या जाड कॉलरला पकडीची खोबण असते. टेपर तिघांचाही ७/२४ च.

मग बीटी ४० जुन्या मशीनवर चालतो का? पुष्कळदा चालतो, आणि हे माहीत असणं फायद्याचं आहे, कारण सीएनसी कारखान्यांतून निघालेले बीटी होल्डर सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. मागचा पुल स्टड (होल्डर ओढून धरायची घुंडी) काढला की एम १६ चे आटे मिळतात, तिथे मेट्रिक ड्रॉबार बसतो. पण दोन गोष्टी तपासा. स्पिंडलवरच्या चाव्या होल्डरच्या खाचेत तळाला न टेकता बसल्या पाहिजेत. आणि होल्डर आवळल्यावर त्याची कॉलर स्पिंडलच्या तोंडाला टेकता कामा नये. मध्ये फट राहिलीच पाहिजे. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) चारी बाजूंनी फिरवा. कॉलर टेकत असेल तर टेपर बसलेलाच नाही, तो होल्डर चालवू नका.

पहिल्या खरेदीत सगळं घ्यायचा मोह होतो. माझा क्रम असा राहील : आधी ईआर ३२ (कोलेटचं एक प्रमाणित माप) चा कोलेट चक. २ ते २० मिमीपर्यंतच्या शँकचं, म्हणजे कटरच्या दांड्याचं, काम तो एकटा उचलतो. अठरा कोलेटचा अख्खा संच घ्यायची गरज नाही. ६, ८, १०, १२, १६, २० या सहा घ्या, पण चांगल्या घ्या. ईआर कोलेट आपल्या मापाखाली १ मिमीपर्यंतच आवळते, त्यापुढे ओढली की कायमची वाकडी होते. कोलेट आधी नटमध्ये टिचकी देऊन अडकवायची आणि मग चकमध्ये घालायची. उलट केलं तर कोलेट चकमध्येच अडकते. नवीन पोराला हे पहिल्याच दिवशी हाताने करून दाखवा.

जुन्या मशीनबरोबर पुष्कळदा ओझेड कोलेटचा चक येतो. तो फेकू नका, चांगला जड आणि घट्ट असतो आणि त्याच्या कोलेट अजूनही मिळतात. फक्त ओझेड आणि ईआर एकमेकांत चालत नाहीत. इंग्रजी मशीनबरोबर क्लार्कसन चक आला तर त्याला मागे आटे असलेल्या शँकचे कटर लागतात. ते कटर संपले की चक निवृत्त करावा लागतो.

दुसरी खरेदी फेस कटरच्या आर्बरची, २२ आणि २७ मिमी. तिसरी मोर्स ॲडॉप्टरची, आणि इथे मागताना नीट बोला : ड्रिलसाठीचा आणि ड्रॉबारने मागून ओढायच्या कटरसाठीचा असे दोन वेगळे ॲडॉप्टर असतात. पहिल्यात ड्रिलच्या चपट्या शेपटीसाठी खाच असते, दुसऱ्यात मागून बोल्ट. ड्रिलच्या ॲडॉप्टरमध्ये एंड मिल लावून बाजूने काप घेतला तर कटर निसटून बाहेर येतो. हा अपघाताचा विषय आहे, काटकसरीचा नाही.

जुने होल्डर घेताना खिशात निळीची (स्पर्श कुठे होतो ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाची) ट्यूब आणि स्वच्छ फडकं ठेवा. आधी टेपरवरून नख फिरवा. ठोका लागला असेल तर नख अडतं. एखाददुसरा उंचवटा ऑइल स्टोनने हलकेच घासून जातो. पण टेपरवर तपकिरी डागांचा पट्टा असेल, म्हणजे होल्डर स्पिंडलमध्ये थरथरत चालला असेल, तर सोडून द्या. चावीची खाच रुंद झालेली, खाचेच्या कोपऱ्यात तडा गेलेला, तोही सोडून द्या. घरी आल्यावर निळीचा पातळ थर लावून स्पिंडलमध्ये बसवा आणि काढा. बहुतांश टेपरभर स्पर्श दिसायला हवा, आणि तो रुंद तोंडाकडे जास्त असला तर उत्तम. फक्त आतल्या टोकाला लागत असेल तर कटरचं टोक डोलणार.

स्पर्श नीट नाही म्हणून लगेच होल्डरला दोष देऊ नका. आमच्याकडे दोष स्पिंडलमध्येच निघाला होता, एकच बारीक फुगवटा. अण्णांनी अर्धा दिवस घालवून तो दगडाने उतरवला. एमरी पेपर बोटाला गुंडाळून आत फिरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तसं करू नका.

आडव्या मशीनच्या लांब आर्बरबद्दल थोडं. भोक २२, २७, ३२ मिमी किंवा जुन्यात एक इंच, म्हणजे २५.४. एक इंची भोकाचे जुने साइड कटर अजूनही स्वस्तात मिळतात, म्हणून इंची आर्बर असेल तर मोडीत काढू नका. आर्बर डोलतो तेव्हा आर्बर वाकलाय असं सगळे म्हणतात. आधी रिंगा तपासा. एखाद्या रिंगेची दोन तोंडं समांतर नसतील, मध्ये एखादा चिप्सचा कण अडकला असेल, तर नट आवळताना चांगला आर्बरही धनुष्यासारखा वाकतो. सगळ्या रिंगा मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा आणि तिरक्या निघालेल्या सरफेस ग्राइंडरवर सरळ करून घ्या.

बेअरिंग, सील, पट्टे

हे सोपं काम आहे. आकडा वाचा, आकडा मागा. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणलं की भोक मिळतं : ३०२१० चं ५० मिमी, ७२१० चंही ५० मिमी. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी लिहिलेली असते. पट्ट्यावर ए किंवा बी आणि पुढे इंचातली लांबी. यंत्रमागांमुळे सोलापुरात ६२०३, ६२०४ सारखी साधी बेअरिंग आणि पट्टे कुठल्याही कोपऱ्यावर मिळतात.

स्पिंडलच्या बेअरिंगची गोष्ट वेगळी. तिथे पी ५ किंवा पी ४ हा जास्त अचूक दर्जा लागतो आणि तो इथल्या काउंटरवर सहसा नसतो, मागवावा लागतो. अधिकृत वितरकाकडूनच घ्या आणि बिल घ्या, कारण नकली खोक्यांचा सुळसुळाट याच मापांत जास्त आहे. आणि ती बदलायची घाई करू नका. स्पिंडलच्या तोंडावर डायल (शतांश मिमीची हालचाल दाखवणारं मापक) लावा, लाकडी दांड्याने वर-खाली जोर द्या, टेपरच्या आतल्या बाजूला डायल लावून हाताने फिरवून बघा. पुष्कळदा बेअरिंग ठणठणीत असतं, फक्त आवळणीचा नट सैल झालेला असतो.

ही मापं सकाळी घ्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. १०० मिमीचा पोलादी भाग १० अंशांनी तापला की साधारण शतांश मिमीने वाढतो, आणि स्पिंडलच्या बेअरिंगचा सगळा हिशोब तेवढ्यातच असतो.

गिअर : इथे सोलापूर कामाला येतं

फीडच्या गिअरबॉक्समधला गिअर मोडला की लोक हाय खातात आणि मशीन कोपऱ्यात ढकलतात. खरं तर या बाबतीत आपण नशीबवान शहरात राहतो. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून यंत्रांचे भाग इथेच बनवून यंत्र चालू ठेवायची सवय या गावाला आहे. चादरी-टॉवेलचे माग दिवसरात्र चालवायचे तर दाते मोडलेला गिअर परगावाहून यायची वाट बघून चालत नाही. पॅटर्न करणारे, ओतकाम करणारे, दाते कापणारे कारागीर एमआयडीसीत आणि जुन्या वस्तीत आहेत. शिवाय कॅमशाफ्ट बनवणारे, मोटर बनवणारे मोठे कारखाने याच शहरात असल्यामुळे उष्णता-प्रक्रिया, ग्राइंडिंग ही कामंही ओळखीने होतात.

कारागिराकडे जायच्या आधी मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, काढा. सरळ दात्यांच्या गिअरसाठी बाहेरचा व्यास भागिले (दाते अधिक दोन). समजा ३४ दाते आणि बाहेरचा व्यास ९० मिमी. ९० भागिले ३६, म्हणजे २.५ मॉड्यूल. व्यास ९१.४ आला तर? तो इंची गिअर आहे, १० डीपीचा (डायमेट्रल पिच, दात्याचं इंची माप), म्हणजे मॉड्यूलच्या भाषेत २.५४. दोघे शेजारी ठेवले तर डोळ्याला एकच वाटतात, पण एकमेकांत चालवले तर किणकिण करत काही आठवड्यांत दोन्ही खातात. जुन्या इंची गिअरमध्ये दात्याचा कोन २० ऐवजी साडेचौदा अंशांचाही असतो. म्हणून मोडलेल्या गिअरबरोबर त्याचा जोडीदार गिअरही घेऊन जा. कापून झाल्यावर दोघांना एकत्र फिरवून बघता येतं. तिरक्या दात्यांच्या गिअरला वरचं सूत्र लागू नाही, तो अनुभवी माणसाकडेच द्या.

डिव्हायडिंग हेड (काम समान भागांत फिरवायचं साधन) असेल तर असा गिअर स्वतःच्या मशीनवर कापता येतो. ४० ला १ च्या हेडवर (हँडलच्या ४० फेऱ्यांत काम एकदा फिरतं) ३४ दात्यांसाठी हँडलची एक पूर्ण फेरी आणि १७ भोकांच्या वर्तुळावर ३ भोकं. कटरच्या नंबरवर मात्र भरवसा ठेवू नका : डीपीच्या कटरमध्ये १ नंबर सर्वांत जास्त दात्यांसाठी असतो आणि मॉड्यूलच्या कटरमध्ये नंबर उलटे चालतात. कटरवर कोरलेली दात्यांची मर्यादा वाचा, २६ ते ३४ अशी, आणि तीच खरी माना. अडचण एवढीच की गिअर मोडल्यावर तुमचं मशीन बंद असतं. म्हणून मशीन चालू असतानाच, जो गिअर कमजोर दिसतो त्याचा एक जोड कापून तेल लावून ठेवा. दुसरं मिलिंग शोधायची वेळ येत नाही.

धातू कोणता, यावर वाद होतात. वेगाने फिरणाऱ्या, सरकून अडकणाऱ्या गिअरसाठी २० एमएनसीआर ५ घेऊन केस हार्डनिंग करा. हळू फिरणाऱ्यांना ईएन ८ चालतं. आणि जिथे मूळ कंपनीने फायबर किंवा हायलमचा (राळेत दाबलेल्या थरांच्या फळ्याचा) गिअर दिला असेल तिथे पोलादी घालू नका. तो मोडावा म्हणूनच तिथे ठेवलेला असतो, पुढचा महागडा गिअर वाचावा म्हणून. शिअर पिनचंही (जास्त जोर आला की तुटावी म्हणून घातलेली पिन) तसंच. पिन वारंवार तुटते म्हणून हाय टेन्साइल बोल्ट घातलेलं एक मशीन मी पाहिलंय, त्याच्या फीडबॉक्सचं घरच फुटलं होतं.

लीड स्क्रू आणि नट

टेबलाचं हँडल अर्धी फेरी फिरवलं तरी टेबल हलत नाही, ही जुन्या मशीनची नेहमीची तक्रार. टेबल सरकवणाऱ्या लीड स्क्रूवरचा नट बदलला की जाईल असं वाटतं. नट बदलायच्या आधी ढिलाई तीन ठिकाणी मोजा, टेबलाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये. काम नेहमी मध्यावर होतं म्हणून स्क्रू मध्यावरच झिजतो. मध्ये ढिलाई जास्त आणि टोकांना कमी असेल तर स्क्रूच गेलेला आहे. नवा नट मध्याला घट्ट बसेल असा घातलात तर टोकांना जाम होईल. ढिलाई सगळीकडे सारखी असेल तर एकट्या नटावर भागेल. आणि हेही आधी बघून घ्या की ढिलाई स्क्रूच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये तर नाही. आमच्याकडे निम्मी तिथेच निघाली, एका नटाच्या पाव फेरीत गेली.

पिच काढायला दहा आट्यांचं अंतर मोजा. ५० किंवा ६० मिमी आलं तर मेट्रिक, ५ किंवा ६ पिचचा, ५०.८ आलं तर इंचात ५ आटे, ६३.५ आलं तर इंचात ४. मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आट्याचा कोन ३० अंश, इंची ॲक्मेचा २९. आटे डावे आहेत का तेही लिहा, टेबलाचा स्क्रू पुष्कळदा डावा असतो. झिजलेल्या भागावरून माप घेऊ नका. स्क्रूच्या अगदी टोकाला, जिथे नट कधी पोचतच नाही, तिथे मूळ आटा शाबूत असतो.

नट गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा. ओतीव बुश घेताना त्यात भंगाराचं पितळ मिसळलेलं नाही एवढी खात्री करा. कातताना चिप्स पिवळ्याधमक निघायला लागल्या तर शंका घ्या. टर्नरला नटाबरोबर स्क्रूही द्या. मापावरून केलेला नट आणि स्क्रू फिरवून-फिरवून बसवलेला नट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कुठे जायचं

पहिली फेरी गावातच. जुन्या गिरण्यांच्या, साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले फिटर-टर्नर निवृत्त होऊन घरी आहेत. कोणत्या मशीनचा सांगाडा कुठे पडलाय हे त्यांना माहीत असतं. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि त्यांच्या वर्कशॉपमधला जुना माल निविदेने निघतो. लिलावाला गेलात तर मशीनआधी कपाट बघा. होल्डर, रिंगा, डिव्हायडिंग हेडच्या प्लेटा मशीनबरोबरच लिहून मागा. मी ते केलं नाही आणि दीड वर्ष भोगलं.

गावात नाही मिळालं तर पुणे. भोसरीकडे नवे होल्डर, कोलेट, कटर सगळं मिळतं आणि सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी नागदेवी स्ट्रीट पायी गाठता येतो. इंची माप, जुना साठा, विचित्र आटे यासाठी नागदेवीसारखी जागा नाही. जुनी मशीन आणि त्यांचे सांगाडे बघायला कुर्ला. कोल्हापूरचं उद्यमनगर ओतकाम आणि गिअरसाठी. हैदराबादला बालानगर आणि रानीगंज, आणि तिथे आपल्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा माणूस बरोबर नेला तर बोलणं निम्म्या वेळात उरकतं; आम्ही अण्णांनाच नेतो. एचएमटी, बीएफडब्ल्यूच्या खास कास्टिंगसाठी बंगळूरला पीन्या भागातल्या जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्यांकडे चौकशी करा. एकेका भागासाठी एवढ्या लांब जाऊ नका, यादी जमू द्या. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, संक्रांतीच्या आसपास, मशीन खोलून ठेवू नका. निम्मी माणसं नंदीध्वजाच्या मिरवणुकीला असतात आणि ती असायलाच हवीत.

फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर मागणी पाठवताना भाग पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा आणि खाली एका दमात लिहा. आमचा नेहमीचा मजकूर असा असतो : "डीआयएन २०८०, ४० नंबर, मागे एम १६ आटे, ईआर ३२ कोलेट चक, हाताच्या मशीनसाठी, बीटी नको. टेपर निळीला बसला नाही किंवा डोल जास्त आला तर परत घ्याल का?" शेवटचं वाक्य पैसे पाठवायच्या आधीच विचारायचं.

पार्सल आलं की त्याच दिवशी तपासा, खोकं टाकून देऊ नका. टेपर पुसा, निळी बघा, फट बघा, ड्रॉबार हाताने पूर्ण आत जातो का बघा. मग कोलेटमध्ये २० मिमीचा ग्राइंड केलेला सरळ बार धरून डायल लावा, एकदा कोलेटजवळ आणि एकदा १०० मिमी पुढे. जवळ शतांशाच्या आसपास आणि पुढे दोन-अडीच शतांशांत असेल तर ठेवून घ्या. जास्त असेल तर होल्डर अर्धी फेरी फिरवून पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. डोल होल्डरबरोबर फिरला तर दोष होल्डरचा, परत पाठवा. जागच्या जागी राहिला तर स्पिंडलचा, आणि मग अण्णांना फोन.